नाव रूट, माणूस कोण?

युनिक्सच्या गाभ्याला माणसांची नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक शून्य, त्याला कुणाचीही फाइल वाचायला, पुसायला, कुणाचाही चालू प्रोग्रॅम बंद पाडायला कसलीच आडकाठी नाही. पासवर्डच्या फाइलीत या शून्यासमोर ‘रूट’ असं नाव लिहिलेलं असतं. ते खोडून दुसरं काही लिहिलं, तरी गाभ्याला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे रूट हा कोणी माणूस नव्हे, ते एक पद आहे. त्या पदावर या घडीला कोण बसलंय, हे सांगण्याची सोय त्या शून्यात नाही.

१९६९ साली न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ वर ही प्रणाली रचायला घेतली, तेव्हा अशा सोयीची गरजही नव्हती. यंत्र एक, वापरणारे मोजके आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. १९७१च्या पहिल्या छापील पुस्तिकेतच ‘एसयू’ ही आज्ञा सापडते. आपल्या नावाने आत यायचं, काम पडलं की एसयू म्हणून रूटचा पासवर्ड द्यायचा आणि काम उरकलं की पुन्हा आपल्या नावावर यायचं. पुढे या प्रत्येक पदग्रहणाची नोंद एका फाइलीत होऊ लागली, तेव्हा या साध्या रिवाजाचं खरं मोल कळलं. रूट झाला कोण, हे त्या नोंदीत दिसायचं. थेट रूट म्हणून आत येणाऱ्याच्या नोंदीत मात्र ‘रूट आला’ एवढंच असायचं.

दूरवरून येणाऱ्या रूटला कसं आवरायचं, या प्रश्नाचा इतिहास सहसा गुपितं झाकण्याचा, कूटलिपीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो ओळखीचा इतिहास वाटतो. निनावी पदावर बसलेल्या माणसाला नाव कसं चिकटवायचं, याच्याच तऱ्हा लोक चाळीस-पन्नास वर्षं शोधत आले.

पहिली तऱ्हा जागेची. रूटने यायचं ते यंत्राला जोडलेल्या कन्सोलवरूनच. बर्कलीच्या युनिक्समध्ये टर्मिनलांची एक यादी असे आणि तिच्यात ज्या टर्मिनलापुढे ‘सिक्युअर’ हा शेरा असेल, तिथूनच रूटला प्रवेश. लिनक्सवाल्यांनी पुढे ‘सिक्युअर-टीटीवाय’ नावाची फाइल ठेवली, सन कंपनीच्या सोलारिसमध्ये ‘कन्सोल’ नावाची एक ओळ होती. कल्पना एकच: ज्याच्याकडे यंत्राच्या खोलीची किल्ली, तोच रूट. त्या खोलीत कोण गेलं-आलं, हे इमारतीच्या रखवालदाराला ठाऊक असायचं. गाभ्याने माणूस ओळखायची गरजच उरत नव्हती.

दुसरी तऱ्हा पद वाटून घेण्याची. १९८०च्या सुमारास बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिली. रूटचा पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही; ज्याला जेवढं काम नेमून दिलं असेल तेवढंच त्याने स्वतःचा पासवर्ड देऊन करायचं, आणि त्याची नोंद राहायची. बर्कलीत ‘व्हील’ नावाचा गट होता. त्यात असाल तरच एसयू चालणार. गंमत म्हणजे ग्नू प्रकल्प सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा व्हील गट हुकूमशाहीसारखा वाटला. ग्नू प्रकल्पाच्या एसयूमध्ये व्हील गटाला मुद्दाम जागा दिलेली नव्हती, आणि तसं का, हे पुस्तिकेत लिहून ठेवलेलं होतं: १९८४ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये काही जणांनी चालकाचा पासवर्ड बदलून सत्ता बळकावली होती आणि स्टॉलमन यांनी गाभ्यात दुरुस्ती करून ती मोडून काढली होती. एखाद्या आज्ञेच्या माहितीपत्रकात राजकीय जाहीरनामा सापडावा, अशी ही जागा विरळाच.

तोवर यंत्रं एकमेकांना जोडली जाऊ लागली होती, आणि इथे खरी मेख आहे.

१९८३ साली बर्कलीहून ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘आर-लॉगिन’, ‘आरएसएच’, ‘आरसीपी’ ही भावंडं होती. दूरच्या यंत्रावर जायला टेलनेट आधीपासून होतं. पण त्यात दरवेळी पासवर्ड द्यावा लागे. बर्कलीकरांनी तो त्रास वाचवला. आपण ज्या यंत्रांवर विश्वास ठेवतो त्यांची यादी एका फाइलीत करून ठेवायची. त्या यंत्राने ‘हा अमुक आहे’ म्हटलं की आपण मानायचं. वापरकर्त्याला स्वतःची खासगी यादीही ठेवता येई, तिचं नाव ‘डॉट आर-होस्ट्स’. रूटच्या घरातही ती ठेवता येत असे, आणि मग एका यंत्राचा रूट पासवर्डाशिवाय दुसऱ्या यंत्राचा रूट होई.

यात शहाणपण नव्हतं असं नाही. समोरून बोलणारा खरोखर त्या यंत्राचा अधिकृत प्रोग्रॅम आहे, हे कळावं म्हणून बर्कलीने नियम केला की १०२४च्या खालचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दरवाजे, फक्त रूटलाच वापरता येतील. तिथून आलेला निरोप म्हणजे त्या यंत्राच्या रूटची ग्वाही. व्हॅक्ससारखं मोठं यंत्र अख्ख्या विभागात एखादंच असे आणि त्याचा रूट म्हणजे विभागाने नेमलेला जबाबदार माणूस, तोवर या ग्वाहीला वजन होतं. पण त्याच दशकात सनची वर्कस्टेशनं टेबलाटेबलावर आली. आता प्रत्येक विद्यार्थी आपापल्या यंत्राचा रूट! त्याच्या ग्वाहीवर विसंबायचं कसं? सनच्या प्रणालीने तर त्यावर कडीच केली. तिच्या विश्वासाच्या यादीत कारखान्यातूनच एक अधिकचं चिन्ह घातलेलं असे, आणि त्याचा अर्थ: जगातल्या सगळ्या यंत्रांवर विश्वास ठेव.

इथे एका बाप-लेकाची गोष्ट सांगायला हवी. या इतिहासात ती कुणी कादंबरीकाराने रचल्यासारखी वाटते. बाप रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्जमधले गणिती. १९७९ मध्ये त्यांनी थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्सच्या पासवर्डांवर निबंध लिहिला. लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड त्यांनी तपासले. त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड, नाहीतर फक्त छोट्या अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. १५ जणांनी तर एकाच अक्षराचा पासवर्ड ठेवला होता.

लेक रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्येच त्याने ४.२ बीएसडीच्या एका उणिवेवर छोटेखानी अहवाल लिहिला. दोन यंत्रांचं बोलणं सुरू होताना दोघं आपापला एक क्रमांक सांगतात आणि पुढचं संभाषण त्या क्रमांकांच्या धाग्यावर चालतं. बर्कलीच्या प्रणालीत हा क्रमांक ठरावीक गतीने वाढत असल्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो, असं त्याने दाखवलं. अंदाज बरोबर आला की समोरच्याचं उत्तर ऐकू न येताही त्याच्याशी बोलणं चालू ठेवता येतं, दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचं सोंग घेऊन. यंत्राच्या पत्त्यावरून माणूस ओळखण्याच्या अख्ख्या कल्पनेला हा सुरुंग होता. अहवाल वाचणारे वाचून मोकळे झाले.

तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या याच मुलाने एमआयटीतल्या एका यंत्रावरून एक प्रोग्रॅम सोडला आणि इंटरनेटवरची अंदाजे ६,००० यंत्रं गुदमरली. मॉरिस वर्म म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याने सेंडमेल आणि फिंगर यांतली छिद्रं वापरली, ४३२ शब्दांची यादी घेऊन पासवर्ड ताडून पाहिले, आणि विश्वासाच्या याद्या वाचून या यंत्रावरून त्या यंत्रावर उड्या मारल्या. रूट होण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही. पसरण्यापुरतं एखादं साधं खातं हाती आलं तरी त्याचं भागत होतं. बाप तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचे मुख्य शास्त्रज्ञ होते. मुलाला ३ वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. या धक्क्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्काळी सल्ला देणारं केंद्र उभं राहिलं.

वर्ममध्ये वापरलेली छिद्रं भराभर बुजवली गेली. १९८५चा अहवाल मात्र तसाच राहिला. एटी अँड टीतले स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९८९ मध्ये तीच गोष्ट पुन्हा, अधिक विस्ताराने मांडली. तरीही डॉट आर-होस्ट्स फाइली होत्या तिथेच होत्या, कारण त्यांच्यावाचून चालत नव्हतं. रात्रीचे बॅकअप, सॉफ्टवेअरची वाटणी, शंभर यंत्रांवर एकच आज्ञा चालवणं, सगळं त्यांच्यावर उभं होतं. सोयीसाठी बांधलेली गोष्ट पाच वर्षांत पाया होऊन बसते. मग ती धोक्याची आहे हे कितीही जणांनी लिहिलं तरी ती हलवायची कुणी?

२५ डिसेंबर १९९४. सॅन डिएगोचे संगणकतज्ज्ञ त्सुतोमू शिमोमुरा यांच्या यंत्रांवर कुणीतरी चाल केली. त्यांचं एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या रूटवर विश्वास ठेवत होतं. हल्लेखोराने आधी विश्वासातल्या यंत्राच्या आर-लॉगिनच्या पोर्टवर खोट्या विनंत्यांचा मारा करून त्याची दातखीळ बसवली. मग शिकागोच्या एका विद्यापीठातल्या यंत्रावरून २० वेळा जोडणी मागून क्रमांक कसा वाढतो ते पाहिलं. दर जोडणीला तो १,२८,००० ने वाढत होता. पुढचा क्रमांक ताडला, गप्प केलेल्या यंत्राच्या नावाने निरोप पाठवला आणि रूट म्हणून एकच आज्ञा दिली: रूटच्या डॉट आर-होस्ट्स फाइलीत दोन अधिकची चिन्हं लिही. कुठल्याही यंत्रावरचा कोणीही आता रूट होऊ शकत होता. सुरुवातीपासून इथवर सगळं आटोपायला मिनिटभरही लागलं नाही. या हल्ल्यामागे केव्हिन मिटनिक असल्याचा शिमोमुरांचा निष्कर्ष होता. मिटनिकला फेब्रुवारी १९९५ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या रॅलेमध्ये अटक झाली आणि त्या पाठलागावर पुस्तकं, सिनेमे निघाले. हल्ला ज्या उणिवेवर बेतलेला होता ती दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती, हे त्या गदारोळात बाजूलाच पडलं.

१९९४ मध्येच, या हल्ल्याच्या आधी, आणखी दोन गोष्टी उघड झाल्या होत्या. मे महिन्यात कळलं की एआयएक्स आणि काही लिनक्स यंत्रांवर आर-लॉगिन करताना वापरकर्त्याच्या नावाच्या जागी ‘-एफरूट’ असं लिहिलं, तर पासवर्ड न विचारता थेट रूट मिळतो. आत चालणाऱ्या लॉगिन प्रोग्रॅमला ‘-एफ’ म्हणजे ‘याची तपासणी झालेली आहे’ असा निरोप वाटायचा. (तेरा वर्षांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, सोलारिस १०च्या टेलनेटमध्ये हुबेहूब हीच चूक निघाली. फरक एवढाच, की सोलारिसमध्ये ती कन्सोलची जुनी ओळ शाबूत होती. त्यामुळे मुळच्या मांडणीत हल्लेखोराला इतर खाती मिळत, रूट मात्र नाही. म्हातारा नियम त्या दिवशी कामी आला.)

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. ३ फेब्रुवारी १९९४ला सर्टने जाहीर केलं की हल्लेखोर एखाद्या यंत्रात शिरून रूट होतात आणि तिथून जाळ्यावरची सगळी वाहतूक ऐकत बसतात. टेलनेट, एफटीपी, आर-लॉगिन यांच्या प्रत्येक नव्या जोडणीतलं नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात होता, तो एका फाइलीत गोळा होई. अशी हजारो यंत्रांची माहिती फुटली होती. प्रत्येकाने पासवर्ड बदलावा, असा सल्ला निघाला. बदललेला पासवर्डही त्याच तारेवरून उघडाच जाणार होता.

हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर १९९५च्या सुरुवातीला असाच एक ऐकणारा सापडला. तातू युलोनेन हे तिथले तरुण संशोधक. त्या वसंतात त्यांनी टेलनेट आणि आर-भावंडांच्या जागी बसेल असा एक प्रोग्रॅम लिहिला. नावंही आर-भावंडांना समांतर ठेवली: आरएसएचच्या जागी एसएसएच, आरसीपीच्या जागी एससीपी. सगळं संभाषण कूटबद्ध. यंत्राला ओळखायचं ते पत्त्यावरून नव्हे, त्याच्या स्वतःच्या चावीवरून. माणसालाही चावीने ओळखण्याची सोय. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता. १० जुलै १९९५ला युलोनेन यांनी पोर्टांचे क्रमांक वाटणाऱ्या कचेरीला ईमेल लिहून तो मागितला. दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, दिला. त्या काळी इंटरनेटची चौकट अशी मूठभर माणसांच्या ईमेलांवर चालत असे. १२ जुलैला प्रोग्रॅम जगासाठी खुला झाला आणि वर्ष संपेतो ५० देशांत त्याचे अंदाजे २०,००० वापरकर्ते झाले.

महिन्याभराने, १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबईतल्या विद्यार्थ्यांना परवडेल ते शेल खातं: फोन लावायचा, युनिक्स यंत्राच्या काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड द्यायचा, आणि तिथून बाहेरच्या जगात टेलनेट. म्हणजे जग ज्या सवयीतून बाहेर पडायला लागलं होतं, तिच्यात आपण तेव्हा पाऊल टाकत होतो.

आता रूटकडे वळू. एसएसएचमध्ये रूटला थेट येऊ द्यायचं की नाही, हे ठरवणारी एक ओळ पहिल्यापासून आहे: ‘परमिट-रूट-लॉगिन’. काहीच सांगितलं नाही तर तिचं उत्तर होतं, होय. युलोनेन यांच्या दृष्टीने त्यात गैर नव्हतं. त्यांना आर-भावंडांची हकालपट्टी करायची होती, आणि रूटचे बॅकअप बंद पडले असते तर कोणत्याही कारभाऱ्याने त्यांचा प्रोग्रॅम बसवलाच नसता. शिवाय रूटला दूरवरून बंदी घालण्याचं जुनं मोठं कारण म्हणजे तारेवर ऐकणारे कान. ते कारण तर आता नाहीसंच झालं होतं.

त्यावर कारभाऱ्यांमध्ये जी दुफळी माजली ती अजून पुरती मिटलेली नाही. एक पक्ष म्हणे, आधी आपल्या नावाने या, मग एसयू किंवा सुडो करा, म्हणजे नोंदीत नाव राहील. दुसरा पक्ष म्हणे, साध्या खात्यातून रूटचा पासवर्ड टाइप करणं उलट घातक. ते खातं आधीच कुणी पोखरलेलं असेल तर पासवर्ड आयता त्याच्या हाती पडेल, त्यापेक्षा रूटला थेट चावीने येऊ द्या. मला दुसऱ्या पक्षाचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या पक्कं वाटतं. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो वेगळा आहे. आत येणारा अधिकारी आहे का, हे चावी सांगते. पाच जणांनी एकच चावी वाटून घेतली असेल, तर त्या पाचांतला कोण, हे ती सांगत नाही. पुढे प्रवेशाच्या नोंदीत चावीचा ठसाही उमटू लागला आणि प्रत्येकाची चावी वेगळी असेल तर वाद बराचसा संपला. पण चाव्या वाटून घेण्याची सवय सुटता सुटत नाही.

युलोनेन यांनी कंपनी काढल्यावर परवान्याच्या अटी आवृत्तीगणिक कडक होत गेल्या. स्वीडनचे ब्यॉर्न ग्रॉनव्हाल यांनी १.२.१२ ही मोकळ्या परवान्याची जुनी आवृत्ती उचलून दुरुस्त केली, ती ओपनबीएसडीच्या मंडळींनी घेतली आणि १ डिसेंबर १९९९ला ओपनबीएसडी २.६ सोबत ‘ओपनएसएसएच’ आलं. आज जगातली बहुतेक युनिक्स यंत्रं त्याच्याच दारातून उघडतात.

पण दारावर बसणारा हा प्रोग्रॅम स्वतः रूट असतो. असावाच लागतो, कारण आत येणाऱ्या कोणाचंही रूप त्याला घ्यायचं असतं. त्याच्यातच भोक असेल तर पासवर्ड, चावी, परमिट-रूट-लॉगिन यांतलं काहीच आड येत नाही. १९९८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या कोअर एसडीआयने एसएसएचच्या पहिल्या प्रोटोकॉलमधला एक दोष दाखवला आणि तो हेरणारी एक दुरुस्ती सुचवली. ती बहुतेकांनी बसवली. फेब्रुवारी २००१ मध्ये मिखाल झालेव्स्की यांना त्या दुरुस्तीतच आकड्यांचा एक घोळ सापडला, आणि त्यातून दूरवरून थेट रूट मिळत होता. औषधानेच विषबाधा केली. २००३च्या ‘द मेट्रिक्स रीलोडेड’ सिनेमात ट्रिनिटी वीजकेंद्राच्या यंत्रात शिरते, ती हेच भोक वापरून. सिनेमातल्या हॅकिंगवर हसायची सवय जडलेल्या मंडळींनी तो प्रसंग मान डोलावत पाहिला.

यावर खरा उतारा नील्स प्रोव्होस यांनी आणला. जुन्या वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी पाहुण्याशी बोलायचा, पण किल्ल्यांचा जुडगा आतल्या कारभाऱ्याच्या कमरेला असायचा. तसंच त्यांनी एसएसएचच्या चाकराचे दोन भाग केले. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग अगदी कफल्लक, रिकाम्या कोठडीत कोंडलेला; रूट असलेला भाग आत बसून त्याचे मोजके प्रश्न ऐकतो आणि हो-नाही सांगतो. जून २००२ मध्ये ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ द राड्ट यांनी अचानक फर्मान काढलं की सगळ्यांनी ताबडतोब ३.३ आवृत्ती घ्यावी आणि ही विभागणी चालू करावी. का, ते सांगणार नाही. कारभारी भडकले, अनेक प्रणालींवर विभागणी धड चालतही नव्हती. दोनच दिवसांत खुलासा झाला: उत्तर-प्रत्युत्तराने ओळख पटवण्याच्या भागात दूरवरून रूट देणारं भोक होतं. ती सोय मांडणीतली एक ओळ बदलून बंद केली असती तरी भागलं असतं, हे कळल्यावर संताप वाढला. ओपनबीएसडीला आपलं ‘पाच वर्षांत दूरवरचं एकही भोक नाही’ हे बिरुद उतरवून ‘जवळपास सहा वर्षांत एक’ असं लिहावं लागलं. फर्मानाची तऱ्हा चुकली असेल, पण प्रोव्होस यांची विभागणी टिकली.

२००४ पासून पोर्ट २२वर निराळाच त्रास सुरू झाला. कोणी हुशार हल्लेखोर नाही. मुकाट प्रोग्रॅम, जे दिवसरात्र ‘रूट’ हे नाव आणि पासवर्डांची यादी घेऊन दार ठोठावत राहतात. कारण सरळ आहे. कुठल्या यंत्रावर इतर कोणती खाती आहेत हे ताडावं लागतं, रूट मात्र सगळीकडे असतो. उबंटूने त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत रूटचा पासवर्डच कुलूपबंद केला आणि सगळा कारभार सुडोवर सोपवला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर टेलनेटवरून काबीज केले, तेही कारखान्याने ठेवलेल्या साठ-एक नाव-पासवर्डांच्या जोड्यांवर, ज्यांत रूटच्याच जोड्या भरपूर. टेलनेट! २१ वर्षांनंतर.

चाव्यांचंही सगळं निर्धोक नव्हतं. १३ मे २००८ला डेबियन या लिनक्स-वितरणाने कबूल केलं की सप्टेंबर २००६ पासून त्यांच्या चाव्या घडवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये यादृच्छिकता जवळपास उरलीच नव्हती. स्मृतीची तपासणी करणाऱ्या हत्याराने तक्रार केली म्हणून काढलेल्या ओळींबरोबर ती गेली होती. शिल्लक राहिला फक्त प्रक्रियेचा क्रमांक. एका जातीच्या, एका लांबीच्या चाव्या मग जेमतेम ३२,७६७. हजारो कारभाऱ्यांना आपापल्या याद्यांतून त्या चाव्या वेचून काढाव्या लागल्या.

११ ऑगस्ट २०१५ला ओपनएसएसएच ७.० आलं आणि परमिट-रूट-लॉगिनचं न सांगता मिळणारं उत्तर ‘होय’वरून ‘पासवर्डाने नाही’वर आलं. युलोनेन यांच्या पहिल्या आवृत्तीला तेव्हा वीस वर्षं होऊन महिना उलटला होता. वितरण करणाऱ्या अनेकांनी आणि शहाण्या कारभाऱ्यांनी ते हाताने कधीच बदललेलं होतं. पण न बदलणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते, आणि मुळच्या मांडणीतली ओळ त्यांच्यासाठीच असते.

मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे पोस्टग्रेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर (‘सिड’) आवृत्तीवर वेग मोजत होते. चुकीच्या नावांनी येणारे आणि लगेच फसणारे एसएसएचचे प्रयत्न नेहमीपेक्षा जास्त वेळ खात होते: ०.३ सेकंदाच्या जागी ०.८. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला जाहीर केलं की एक्सझेड या दाबणी-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदार आहे. ओपनएसएसएचच्या मूळ लेखनाचा एक्सझेडशी काही संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा यांनी सिस्टमडीला निरोप देण्यासाठी जी जोड लावली होती, तिच्या मागोमाग एक्सझेडचं ग्रंथालय (लायब्ररी) एसएसएचच्या चाकरात शिरत होतं. ज्याच्याकडे या चोरदाराची खासगी चावी, त्याला ओळख पटवण्याच्या आधीच रूट म्हणून हवं ते चालवता येणार होतं, नोंदीत काही न उमटता. हे घालणाऱ्याने ‘जिया टान’ या नावाने दोन-अडीच वर्षं इमानाने काम करून फिनलंडचे एकांडे सांभाळकर्ते लासे कोलिन यांचा विश्वास मिळवला होता. नाव होतं, कामाचा इतिहास होता, प्रत्येक बदलाखाली सही होती. त्यामागे माणूस कोण, हे कुणालाच दाखवता आलेलं नाही.

तीन महिन्यांनी, १ जुलै २०२४ला, क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमध्येच दूरवरून रूट देणारी, वेळेच्या शर्यतीची एक चूक दाखवली. लॉगिनला ठरवून दिलेली १२० सेकंदांची मुदत संपते त्या क्षणी ही शर्यत खेळायची. २००६ मध्ये हीच चूक दुरुस्त झाली होती आणि २०२०च्या एका फेरफारात अनवधानाने परत आली होती. जिंकायला हजारो प्रयत्न आणि ६ ते ८ तास लागत. त्याच दिवशी आलेल्या ९.८ आवृत्तीत दारावर ऐकणारा प्रोग्रॅम आणि आलेल्याची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम वेगळे केले गेले. एप्रिल २०२५च्या १०.० आवृत्तीत ओळख पटवणारा भागही तोडून स्वतंत्र केला गेला. प्रोव्होस यांनी दोन केलेल्याचे आता तीन झाले आहेत. त्यांतला ऐकणारा अजूनही रूट म्हणूनच सुरू होतो, कारण त्याचा पोर्ट २२, आणि १०२४च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, हा बर्कलीचा नियम बहुतेक युनिक्सांत आजही चालू आहे.